वरच्या टोकाची दोन पॉकेटं

एडिथ होल्रॉइडचं नाव काढलं की आमच्या ब्रॅकनशॉ या गिरणीगावात आजही दोन तट पडतात. एक तट म्हणतो, या बाईने गावाची लाज घालवली. दुसरा म्हणतो, लाज कसली, असं काम करणारं माणूस दुसऱ्या गावात दाखवा. मी कुठल्याच तटात बसत नाही. त्या प्रकरणात माझाही हात होता आणि तो तिने झाकला. आता ती नाही, तेव्हा सांगून टाकतो.

मी हेडली क्रॉम्प्टन. वीव्हर्स हॉलची देखभाल मी बत्तीस वर्षं केली. बॉयलर पेटवायचा, खुर्च्या मांडायच्या, किल्ल्या सांभाळायच्या, आणि स्नूकरचा सामना असला की फलकावरचे आकडे सरकवायचे. एडिथ आमच्याच गल्लीतली. उंच, हाडापेराने मोठी, डावखुरी. बोलायची कमी, पण बोलली की समोरचा दिवसभर ते शब्द आठवत बसायचा.

तिचा बाप जेबेझ डकवर्थ स्नूकरची टेबलं बसवायचा. पाटीच्या दगडाच्या पाच लाद्या, एकेक उचलायला चार गडी लागायचे. त्या अशा जुळवायच्या की सांध्यावरून बोट फिरवलं तरी सांधा लागू नये. त्यावर लोकरी कापडाची हिरवी बनात ताणायची, कडेला रबर बसवायचं, आणि चेंडू ज्यांत पडतात त्या सहाही पॉकेटांची तोंडं केसाचाही फरक न पडता मापात ठेवायची. चाळीस वर्षं तो हेच करत आला होता. चॅपेलमधला माणूस, दारू नाही, पैज नाही, खोटं नाही. टेबल डकवर्थचं आहे म्हटलं की खेळाडू पाणसळ मागायचे नाहीत.

त्याची एक सवय होती. कामाला बसला की दार आतून लावून घ्यायचा. "पाठीशी कुणी उभं राहिलेलं मला खपत नाही," म्हणायचा. आत फक्त तो आणि एडिथ. ती झाडते, खिळे हातात देते, असं सगळे धरून चालले होते. मीसुद्धा.

एडिथचं लग्न युद्धाच्या पहिल्या वर्षी सिरिल होल्रॉइडशी झालं. हसरा, बडबड्या पोरगा होता. गिरणीतून सुटला की क्लबात जाऊन क्यू, म्हणजे स्नूकरची काठी, हातात घ्यायचा. मग तो फौजेत गेला, सिंगापूरला पकडला गेला आणि साडेतीन वर्षं जपान्यांच्या कैदेत राहिला. परत आला तेव्हा स्टेशनवर त्याची आई त्याच्या शेजारून पुढे निघून गेली, तिने ओळखलंच नाही. त्याचे हात कापायचे. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचा, तरी बशीत सांडायचा. फक्त क्यू हातात आला की ते हात थांबायचे. डॉक्टरालाही याचं कारण सांगता आलं नाही. मग तो तेवढंच करत राहिला. पाच वर्षांत व्यावसायिक झाला, आणि एक्कावन्न सालच्या फेब्रुवारीत अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात पोचला. सामना आमच्याच हॉलमध्ये ठेवला होता.

समोर ग्रीनॉकचा आर्ची मकिलवेन. पन्नाशी ओलांडलेला, ओठ मिटलेला स्कॉट. तो चेंडू पॉकेटात घालवायला जायचाच नाही. पांढरा चेंडू असा काही लपवून ठेवायचा की समोरचा टेबलाभोवती फिरून फिरून वेडा व्हावा. सिरिल नेमका उलटा. लांबून मारायचा, आणि एकदा वरच्या टोकाच्या, सर्वांत जास्त गुणांच्या काळ्या चेंडूजवळ पोचला की तिथेच तळ ठोकायचा.

टेबल कोण बसवणार, असा प्रश्न निघाला. डकवर्थ सिरिलचा सासरा. लंडनच्या संघटनेचे लोक चुळबुळ करायला लागले. मकिलवेननेच तार केली: सासरा असो की सासू, टेबल डकवर्थचंच पाहिजे.

या वेळी जेबेझने दार लावलं नाही. वर्तमानपत्रवाले आले होते, फोटो निघत होते. ज्या कामाला त्याला एरवी पाच तास लागायचे, त्याला त्या दिवशी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत लागले. खिळा बोटांत धरताना निसटायचा. अंगठ्यातून रक्त आलं, ते त्याने पुसून परत हातोडी उचलली. एडिथ बाजूला हाताची घडी घालून उभी होती. एकदा तिने हातोडीकडे हात नेला.

"हात लावू नकोस," जेबेझ हळूच म्हणाला. "फोटोवाले आहेत."

मी जवळच होतो. ऐकलं, आणि म्हातारा मानी आहे म्हणून सोडून दिलं.

सामना दोन आठवड्यांचा, जो आधी सदतीस फ्रेम, म्हणजे सदतीस डाव, जिंकेल तो विजेता. पहिल्या आठवड्यात मकिलवेनने सिरिलला बांधून टाकलं. सिरिलला दिवसाकाठी चार सोपे चेंडूही मिळायचे नाहीत. शनिवारी खेळ थांबला तेव्हा फलकावर मी बावीस-चौदा लावलं. पुढे मकिलवेन होता. सिरिलने फलकाकडे पाहिलं, आणि मला पहिल्यांदाच दिसलं की त्याच्या हातात क्यू आहे आणि तरी हात कापतोय.

रविवारी खेळ नसतो. चॅपेल सुटल्यावर मी हॉलच्या दाराला कुलूप लागलंय का ते बघायला गेलो, तर एडिथ पायरीवर उभी. हातात बापाची हत्यारांची पिशवी.

"बाबांची पक्कड आत राहिलीय, हेडली."

"थांब, काढून देतो."

"तू जेवायला जा. मेबल खोळंबली असेल. किल्ली मी घरी आणून देते."

माझी बायको मेबल खरंच खोळंबली होती आणि रविवारचं भाजलेलं मांस गार झालं की तिचं तोंड दिवसभर सुटायचं. मी किल्ली दिली. चार वाजता एडिथने ती आणून दिली. तिच्या कोटाच्या बाहीला हिरव्या बनातीचे तंतू चिकटले होते. मी पाहिले. मला त्यात काही वाटलं नाही.

सोमवारपासून सिरिल वेगळाच माणूस झाला. लांबून मारलेले चेंडू, जे शनिवारपर्यंत पॉकेटच्या तोंडावर थडथडून परत यायचे, ते आता आत जायला लागले. दोन दिवसांत बारा फ्रेम झाल्या, त्यातल्या नऊ त्याने घेतल्या. गाव पिसाळलं. गिरणीतून सुटलेली माणसं तशीच, केसांत कापूस घेऊन, हॉलच्या दारात उभी राहायची. बुधवारी दुपारी पहिली फ्रेम त्याचीच. मग दुसरी सुरू झाली.

त्या फ्रेमबद्दल मी एवढंच सांगतो की मी चौदा वेळा फलकाजवळ गेलो आणि चौदाही वेळा मला वाटलं, आता चुकेल. लाल गेला, काळा गेला. लाल, काळा. एकेक लाल संपत गेला आणि सिरिल टेबलाच्या वरच्या टोकाला, काळ्याभोवती, शांतपणे फिरत राहिला. खोकल्याचाही आवाज नव्हता. शेवटचा काळा गेला तेव्हा पंचाने आकडा सांगितला, एकशे अडतीस, आणि तो कुणाला ऐकूच आला नाही. सातशे माणसं उभी राहून ओरडत होती. माझ्या शेजारचा शिंपी रडत होता. त्या स्पर्धेत एवढा मोठा ब्रेक, म्हणजे न चुकता सलग मिळवलेले एवढे गुण, तोवर कुणीच केला नव्हता.

आणि सिरिल हसला नाही. तो नुसता आपल्या हातांकडे बघत होता.

विक्रमाची नोंद व्हायची तर टेबल मापून दाखला द्यावा लागतो. संघटनेचे मिस्टर विंडलशॅम, गोरेगोमटे, चष्मेवाले गृहस्थ, हसत हसत पुढे आले. त्यांच्याजवळ एका चपट्या पेटीत लाकडी साचा होता, पॉकेटच्या तोंडात घट्ट बसेल असा. लोकांना वाटलं हा उपचार आहे. कुणीतरी ओरडलं, "आटपा साहेब, आम्हाला सिरिलला उचलायचंय!"

विंडलशॅमनी वरच्या डाव्या पॉकेटात साचा ठेवला. तो बसला नाही. हलला. त्यांनी तो काढून पुसला आणि परत ठेवला. दोन्ही बाजूंना फट होती. त्यांनी खिशातून सहा पेन्सचं नाणं काढून त्या फटीत सोडलं. नाणं आत पडलं.

पुढच्या रांगा गप्प झाल्या. मग मागच्या. मग गॅलरी. ते वरच्या उजव्या पॉकेटाकडे गेले. तिथेही तेच. बाकीच्या चारांत साचा असा बसला की काढताना जोर लावावा लागला.

"ही दोन पॉकेटं मोठी केलेली आहेत," विंडलशॅम म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला होता.

मला काही कळेना. मी फलकाशी तसाच उभा, हातात तीनचा आकडा. मग वरून कुणीतरी किंचाळलं, "डकवर्थ!" आणि सगळा हॉल फुटला. "सासऱ्याने केलं!" "चोर!" "जावयासाठी!" दोन मिनिटांपूर्वी जे लोक रडत होते तेच हे. वरच्या रांगेतून अर्धी खाल्लेली, मटण भरलेली पाई भिरभिरत आली आणि जेबेझच्या कोटावर फुटली.

जेबेझने ती पुसलीही नाही. तो भिंतीजवळच्या खुर्चीवरून उठून टेबलाशी आला. त्याचा चेहरा मी पाहिला. पकडला गेलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता. त्याला आमच्याइतकाच धक्का बसला होता. तो गुडघ्यांवर बसला, पंचाच्या हातातला टॉर्च मागून घेतला आणि कडेच्या खालून, जिथे बनात दुमडून खिळे मारतात, तिथे बघायला लागला. आधी डावं पॉकेट. मग उजवं. मग उठला, खालच्या टोकाला जाऊन तिथलं पाहिलं, आणि परत वर आला. फार वेळ लागला त्याला.

मग त्याने मान वर करून गॅलरीकडे पाहिलं. बायका तिथे बसायच्या.

त्याने काय पाहिलं होतं ते मला त्याने नंतर सांगितलं. उजव्या हाताने काम करणारा बनातीची घडी एका दिशेला घालतो, डावखुरा दुसऱ्या. चार पॉकेटांत घड्या एका दिशेच्या होत्या आणि दोनांत उलट्या. पण मला ते त्या वेळी माहीत असायची गरज नव्हती. तो गॅलरीकडे बघतोय हे दिसलं आणि रविवारची किल्ली, कोटाच्या बाहीवरचे हिरवे तंतू, सगळं एकदम माझ्या छातीवर येऊन आदळलं. मी फलकाला धरून उभा राहिलो.

"मिस्टर डकवर्थ," विंडलशॅम म्हणाले, "हे तुम्ही केलंत का?"

हो म्हटलं असतं तर ते खोटं होतं, आणि जेबेझ खोटं बोलायचा नाही. नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. तो तोंड उघडून उभा राहिला. चाळीस वर्षं ओळखत होतो मी त्याला, पण तो म्हातारा आहे हे मला त्या क्षणी कळलं.

"त्यांना काय विचारता? मी केलंय."

गॅलरीच्या कठड्याशी एडिथ उभी होती. डोक्यावर टोपी, हातात पर्स, चॅपेलला निघाल्यासारखी.

आणि लोकांनी काय करावं? हसले. सातशे माणसं हसली. "बस गं खाली!" "बापाला वाचवतेय!" "आता म्हणेल, लाद्यापण मीच उचलल्या!" विंडलशॅमसुद्धा हात वर करून म्हणाले, "बाई, कृपा करून खाली बसा. हा गंमतीचा विषय नाही."

एडिथ जिना उतरून आली. सामना चालू असताना बाई कधी खाली मैदानात आलेली मी पाहिली नव्हती. लोक आपोआप बाजूला झाले. ती टेबलाशी आली आणि बोटाने दाखवत बोलायला लागली, भाजीवालीशी बोलावं इतक्या सरळ आवाजात.

"कड सोडवली. रबराचं टोक इथून इथपर्यंत तिरपं कापलं, एका बाजूला तीन पुठ्ठ्यांएवढं, दुसऱ्या बाजूला चार. खालचा दगड घासता येत नव्हता, आवाज झाला असता. म्हणून वरचीच कड मागे घेतली. बनात परत ओढली, नवे अकरा खिळे लावले. जुनी भोकं सोडून. जुन्या भोकात खिळा धरत नाही. मोजा."

जेबेझने मोजले नाहीत. पंचाने वाकून मोजले. अकरा होते.

हसणं कुठे विरलं ते कळलंच नाही. त्या शांततेत बॉयलरची घरघर मला ऐकू येत होती.

"तुम्ही आत कशा आलात?" विंडलशॅमनी विचारलं.

बोलायला हवं होतं, आणि मी बोललो नाही.

"मागच्या खिडकीतून," एडिथ म्हणाली.

ती खिडकी युद्धात काळे पडदे लावले तेव्हापासून खिळे ठोकून बंद होती. जेबेझला ते माहीत होतं. मलाही. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कुणी खिडकी तपासायला गेलं नाही, आणि माझी नोकरी राहिली.

मग सिरिल उठला. इतका वेळ तो आपल्या खुर्चीवर बसून होता. खडूचा तुकडा त्याच्या मुठीत भुगा झाला होता.

"का केलंस?"

"घरी सांगते."

"का?"

"लोकांत नाही, सिरिल. घरी."

त्याने क्यू पेटीत ठेवला. हात एवढे कापत होते की कडी लागेना. शेवटी मकिलवेन उठला, त्याने ती कडी लावून दिली, आणि जागेवर जाऊन बसला. सिरिल निघून गेला.

विंडलशॅमनी तिथेच निर्णय दिला. दोघेही त्याच टेबलावर खेळले, म्हणून फ्रेम कायम. पंचवीस-पंचवीस. ब्रेकची नोंद होणार नाही. टेबल उद्या दुपारपर्यंत दुरुस्त झालं नाही तर सामना रद्द. "दुसरा कारागीर मिळेल का?" त्यांनी विचारलं.

"मिळेल," जेबेझ म्हणाला. "तीच करेल."

"मिस्टर डकवर्थ, या परिस्थितीत—"

जेबेझने दोन्ही हात वर केले. बोटं वाकडी, सांधे सुजलेले. इतकी वर्षं ते हात आमच्यासमोर होते आणि आम्ही पाहिले नव्हते. "शेहेचाळीस सालापासून मी एकही टेबल बसवलेलं नाही. हे एक सोडून. बाकीची सगळी तिची. दार लावून घ्यायचो ते म्हणूनच." मग त्याने हात खाली घेतले. "मी खोटं बोलत नाही, असं तुम्ही सगळे म्हणता. पाच वर्षं बोलतोय."

मला वाटलं पुन्हा आरडाओरडा होईल. पण माणसं टोप्या हातात घेऊन बाहेर पडली, मेलेल्याच्या घरातून निघावी तशी. केल्डर रोड क्लबचा सेक्रेटरी दारात माझ्याजवळ थांबला. "हेडली, आमची चारही टेबलं?" त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "चारही?"

"चारही असावीत," मी म्हटलं.

गुरुवारी सकाळी आठला मी हॉल उघडला तेव्हा एडिथ पायरीवर बसली होती. एकटीच. डोळे सुजलेले. मी किल्ली फिरवत म्हणालो, "काल मी बोलायला हवं होतं."

"तुला पोरं आहेत. गप्प राहा."

"पण का केलंस गं? सिरिलने सांगितलं होतं?"

"सिरिलला काय माहीत!" मग ती जरा वेळ हत्यारांच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. "रविवारी सकाळी तो परसातल्या न्हाणीघरात होता. भिंतीकडे तोंड करून उकिडवा बसला होता. मी हाक मारली, 'सिरिल.' तर ताडकन उभा राहिला, हात अंगाशी सरळ, आणि काहीतरी आकडे म्हणायला लागला. जपानी भाषेत. त्याचा कैद्याचा नंबर. मला सांगत होता, हेडली. मला. मी म्हटलं, मी एडिथ आहे, तर आणखी मोठ्याने सांगायला लागला." तिने पिशवी उचलली. "मला वाटलं, चार चेंडू आत गेले तर परत येईल. आणखी काही सुचलंच नाही मला."

सिरिल आमच्यातच वावरत होता, आणि आम्हाला तो फक्त हरतोय असं दिसत होतं.

ती कामाला बसली तेव्हा दार उघडं होतं. हळूहळू साठ-सत्तर माणसं जमली. हाताची घडी घालून, काय चुकतं ते बघायला आलेली. तिने ओठांत खिळे धरले, डाव्या हाताने हातोडी चालवायला सुरुवात केली. नवं रबर कापून बसवलं, कड लावली, बनात ओढली. हात कुठे थांबायचा नाही, खिळा एका ठोक्यात आत. माणसं एकेक पाऊल पुढे सरकायला लागली. ब्लॅकबर्नहून आलेला एक जुना कारागीर होता, तो मला म्हणाला, "चाळीस वर्षांत असा हात पाहिला नाही." आणि लगेच इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

मकिलवेन पहिल्या रांगेत बसून होता. पूर्ण वेळ. शेवटी त्याने विचारलं, "ग्रीनॉकचं माझं टेबल कुणी बसवलं?"

एडिथने तोंडातले खिळे काढले. "कधी?"

"एकोणपन्नासच्या मार्चमध्ये."

"मग मीच. तुमच्या बायकोने बाबांना चहा दिला आणि मला म्हणाली, पोरी, तू स्वयंपाकघरात बस, पुरुषांना काम करू दे."

मकिलवेनचे ओठ हलले. तो हसला की काय ते मला सांगता येणार नाही. "मीही त्याच मोठ्या पॉकेटांत मारत होतो, बाई. मला का जमलं नाही, हे मी रात्रभर विचार करतोय."

"तुम्ही वरच्या टोकाला जातच नाही," एडिथ म्हणाली. "म्हणून तर ती दोन निवडली."

तो उठून टेबलाशी आला. मग म्हणाला, "माझं तुम्ही फार वाईट केलं असतं."

"हो," ती म्हणाली. "माफ करा असं म्हणायला तोंड नाही मला."

बारा वाजता साचा सहाही पॉकेटांत बसला. दुपारी सिरिल आला. चेहरा राखेसारखा, दाढी करताना तीन ठिकाणी कापलेलं. तरी तो खेळला, आणि वाईट खेळला नाही. पण मकिलवेनसमोर तेवढं पुरत नसतं. शनिवारी दुपारी मी फलकावर सदतीस-एकतीस लावलं. संध्याकाळची तिकिटं विकलेली होती, म्हणून निकाल लागल्यावरही उरलेल्या फ्रेम खेळाव्या लागल्या. तसा नियमच होता. अर्ध्या रिकाम्या हॉलमध्ये दोघे मुकाट्याने खेळले. गॅलरीत एडिथ एकटी बसली होती. बाकीच्या बायकांनी तिच्या आजूबाजूच्या खुर्च्या सोडल्या होत्या. खेळ संपल्यावर सिरिलने वर पाहिलं नाही. तो तसाच ओल्डमला बहिणीकडे गेला. नवऱ्याने बायकोला सोडलं, असं गावात झालं.

पुढचे महिने एडिथचे फार वाईट गेले. क्लबांनी बोलावणं बंद केलं. चॅपेलमध्ये तिच्या बाकावर जेबेझखेरीज कुणी बसायचं नाही. जेबेझ मात्र आधी मागे बसायचा, तो आता पहिल्या बाकावर तिच्या शेजारी बसायला लागला. केल्डर रोडवाल्यांनी मँचेस्टरहून माणूस आणून बनात बदलली. ती चार महिन्यांत सुरकुतली. मग एक दिवस तिच्या घरी त्यांचं पत्र आलं. वर पत्ता लिहिला होता: मिस्टर ई. होल्रॉइड. तिने मला दाखवलं. "मिशी लावून जाऊ का?" म्हणाली. ती गेली, काम केलं, आणि पावतीवर आपलं पूर्ण नाव लिहिलं. पण त्याच्याही आधी तिला बोलावलं होतं ते मकिलवेनने. त्या वेळी त्याच्या बायकोने तिला बैठकीत बसवून चहा दिला.

सिरिल पाच महिन्यांनी आला. जुलैतली दुपार होती. एडिथ बापाच्या कारखान्याच्या दारात टेबलाची लादी घासत होती. तो समोर येऊन उभा राहिला, कोट काढून कुंपणावर टाकला आणि लादीचं दुसरं टोक धरलं. त्यांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. मी रस्त्यापलीकडे होतो, आणि मला तरी दोघांचे ओठ हललेले दिसले नाहीत. त्यानंतर तो तिच्याबरोबरच फिरायचा. जड लाद्या तो उचलायचा, बारीक काम ती करायची. अजिंक्यपदात तो पुन्हा उतरला नाही. पुढच्या काही वर्षांत ती स्पर्धाही रोडावत गेली, खेळाडू कमी, लोक कमी. जेबेझ चौपन्न साली गेला. सिरिलचे हात शेवटपर्यंत कापत राहिले, काही दिवस कमी, काही दिवस जास्त.

एक गोष्ट आणखी. अठ्ठावन्न साली केल्डर रोड क्लबात शुक्रवारी संध्याकाळी आम्ही पाच-सहा जण होतो. सिरिल आणि एडिथ नवी बनात लावून नुकतेच उठले होते. टेबल तपासायला म्हणून सिरिलने क्यू घेतला आणि एडिथला म्हणाला, "तू मार."

"मला कुठे येतं?"

"टेबल बसवता येतं आणि मारता येत नाही? मार."

तिने डाव्या हाताने क्यू धरला, फावडं धरावं तसा. काळा पॉकेटच्या तोंडाशी, पांढरा त्याच्यापासून हातभर अंतरावर. तिने नेम धरला, मारला, आणि क्यू नव्या बनातीवर घसरला. चेंडू कुठे गेला ते कुणी पाहिलंच नाही. बनात वीतभर फाटली होती. नुकती, तिनेच, दिवसभर खपून लावलेली बनात.

एडिथ तोंडावर हात ठेवून उभी राहिली. आणि सिरिल हसायला लागला. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला, मग तो टेबलाची कड धरून खाली बसला आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसत राहिला. आम्ही सगळे हातातले पेले तसेच धरून बघत राहिलो. तो लढाईवर गेला त्यानंतर सतरा वर्षांत त्याला हसताना आमच्यातल्या एकानेही ऐकलं नव्हतं.